भिंतीकडे तोंड करून

अमेरिकेत घराच्या पत्त्यावरून शाळा ठरते, म्हणून घर घ्यायचं म्हणजे आधी शाळा निवडायची. उपनगरातल्या एका शाळेत निम्मी मुलं परदेशातून आलेली होती. नवरा म्हणाला, "छान विविधता आहे इथे."

मी चिडले. "विविधता म्हणजे कोण रे? आपणच ना?"

वाद घालतच आम्ही पाच वर्षांच्या सईला घेऊन शाळा बघायला गेलो. मधल्या सुट्टीत एक नवी मुलगी भिंतीकडे तोंड करून रडत होती. तिची भाषा तिथे कुणालाच येत नाही, असं शाळा दाखवणाऱ्या बाईंनी सांगितलं. मग एक मुलगी आली आणि काही न बोलता तिच्याशेजारी, तशीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पाठोपाठ आणखी दोघी आल्या. हळूहळू रडणं थांबलं.

आम्ही थक्क होऊन बघत राहिलो. एवढ्याशा मुलींना हे कुणी शिकवलं असेल?

"मी पण जाऊ?" सईनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती गेलीही.