गुळाचा खडा

बीडहून चौसाळ्याला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. वय तिशीचं, मांडीवर एक्स-रेचा लिफाफा. दोन वाक्यांत धाप लागायची. खोकल्याची उबळ आली की खिशातला गुळाचा खडा काढून गालात धरायचा.

खिडकीतून सहकारी साखर कारखान्याचं धुराडं दिसलं. दुष्काळात ऊस जळाला, तेव्हापासून ते थंडच.

"वडील हितं साखर पांढरी करायच्या गंधकाच्या भट्टीवर व्हते," तो म्हणाला. "धूर छातीत बसू नये म्हणून कारखाना गूळ द्यायचा."

कारखाना बंद पडला तसा हा परराज्यात गेला, मोबाइल-कॉम्प्युटरच्या चिप बनवायच्या कारखान्यात. आईनं सोबत गूळ दिला.

"गंधकाचा वास आला की वडील बाहेर तरी पळायचे. आमच्याकडं चिप बनवताना सोडत्यात त्या गॅसला वासच न्हाई. पांढरे कपडे, टोपी, मास्क सगळं द्यायचे. मला वाटलं, आपल्या जिवासाठी हाय. ते तर आपल्या अंगाची धूळ चिपवर बसू नये म्हणून!"

मला संताप आला. त्याला हसू आलं आणि हसताना पुन्हा उबळ.

"गुळानं फरक पडतो?" मी विचारलं.

"न्हाई." त्यानं नवा खडा काढला. "पण घरी गेलो की आई डॉक्टरचं विचारत न्हाई. गूळ खाल्लास का, एवढंच विचारती."