पाठीवरचे पाय

निवृत्त झाले, मुलगी परदेशी गेली, आणि उरणच्या या दोन खोल्यांत दुपार काही केल्या सरेना. जन्मभर मी शाळेत संस्कृत शिकवलं, म्हणून मुलीनेच मला फोनवर प्राचीन ग्रीकचा वर्ग लावून दिला. शेजारीण म्हणाली, "ग्रीक? बाई, चाललात कुठं?" म्हटलं, "स्वयंपाकघरापर्यंत."

परवा कष्टाचं क्रियापद आलं. कोपिओ, कोपिआस, कोपिआ. मी राबते, तू राबतेस, ती राबते. वर्गातल्या बाई म्हणाल्या, राबणं आणि दमणं दोन्हीला हाच शब्द. आणि त्याचं मूळ बडवण्यात आहे. मग आणखी एक रूप सांगितलं, केकोपिआका: राबून झालंय, शीण अजून अंगात आहे. माझा लिहिता हात थांबला. मला माझी आई आठवली.

आई मिठागरात कामाला होती. मीठ धरण्याआधी वाफ्यातला चिखल पायांनी तुडवायचा, फळीने चोपून चोपून घट्ट करायचा. संध्याकाळी घरी आली की ती जमिनीवर पालथी पडायची. 'दमले' हा शब्द तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. एवढंच म्हणायची, "ये गं बाय, पाय दे." मी भिंतीला धरून तिच्या पाठीवर, पोटऱ्यांवर चालायची. मध्येच विचारायची, "आये, पुरं?"

"आजून जरा," ती म्हणायची.

त्या मिठागरावर आता कंटेनर रचलेत. आई तर कधीच गेली.

वर्ग संपला. कंबर सकाळपासून ठणकत होती. लोकांना वाटतं, एकटीचं काम ते किती! अहो, केर तेवढाच, पाणी भरणं तेवढंच, वाटून घ्यायला तेवढं कुणी नाही. तेवढ्यात मुलीचा फोन आला. "आई, बरी आहेस ना?" दमले गं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तिकडून ती काय पाय देणार? म्हटलं, "मजेत आहे."

फोन ठेवला आणि काय वेड लागलं कोण जाणे, तांदळाची पिशवी खांद्यावर घेऊन तशीच जमिनीवर पालथी झाले. पिशवी घसरत पाठीवर बसली. हसूही आलं, रडूही आलं. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण पिशवी काही विचारत नाही. मी वाट पाहिली. मग मीच मोठ्याने म्हणाले, "आजून जरा."