मी मोजून दिलेला किनारा

मरीन परेडच्या माझ्या फ्लॅटवर आज जाहिरातीचं पत्रक आलं: ग्रीक बेटावर व्हिला, समोर ‘अस्पर्श’ किनारा. अस्पर्श म्हणे! फोटोतला सुळका मी लगेच ओळखला.

शाळेत असताना बाबांनी तिथे सुट्टीला नेलं होतं. ना रस्ता, ना टपरी. ओव्यासारख्या वासाची झुडपं, आणि वारा असा की वाळू पोटऱ्यांवर सपासप बसायची. बाबा बँकेत नोकरीला. त्यांनी मला किनाऱ्याच्या टोकापर्यंत पावलं मोजायला पाठवलं.

“अहो, इथे तरी ऑफिस नको!” आई वैतागली.

“अगं, खेळतेय ती.”

“चारशे बारा!” मी धापा टाकत ओरडले. बाबांनी आकडा ऑफिसच्या वहीत टिपून घेतला आणि माझी पाठ थोपटली.

पत्रकाच्या तळाशी लिहिलंय: व्हिलांना कर्ज त्यांच्याच बँकेचं. आज मी किनारे वाचवा म्हणून घसा फोडते. पण त्या दिवसाइतकी खूश मी नंतर कुठेच नव्हते, याचाच संताप येतो.