वरळीचं पाणी

नातीसाठी आणलेल्या छोट्या टाकीत आज विकतचं समुद्री मीठ ढवळलं आणि तोच वास आला. संपात गिरणी बंद पडली तेव्हा बाबांनी वरळीच्या खडकांतून एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा आणून लालबागच्या आमच्या खोलीत काचेच्या बरणीत ठेवला होता. बरणीतलं पाणी आटलं की ते वरळीपर्यंत चालत जाऊन समुद्राचं पाणी कॅनमधून आणत आणि वरून ओतत. "नळाचा पाणी घाला ना," आई म्हणायची. "खाऱ्यातलो मासो गो, गोड्या पाण्यान मरतलो," बाबा म्हणत. तरीही मासा मेला. रिकामी बरणी पुसत बाबा एवढंच म्हणाले, "ह्यापण माका जमला नाय." आज टाकीवाला सांगत होता, "पाणी उडून जातं, मीठ आतच साठत राहतं, म्हणून भर घालायची ती साध्या नळाच्या पाण्याची." बाबा आता नाहीत. असते, तरी हे मी त्यांना सांगितलं नसतं.