तुडवला आणि ढकलला

कोर्टातला दुभाषी शिवदास याला इंग्रजीतल्या मारहाणीच्या साऱ्या तऱ्हा पाठ होत्या. उघड्या हाताची चपराक म्हणजे स्लॅप, मुठीचा ठोसा म्हणजे पंच, लाथ म्हणजे किक, एकामागून एक बसणारा मार म्हणजे बीट, आणि पायाखाली घेऊन तुडवणं म्हणजे ट्रॅम्पल. मिठागरात राबणाऱ्या आगऱ्याचा हा पोर असल्या शब्दांच्या जोरावर कोर्टात पोचला होता. नोकरी मात्र अजून हंगामीच होती.

१९३१ साली उरणकडच्या एका मिठागरावरची बायजा साक्षीला उभी राहिली. तिचा नवरा अंबाजी तिथल्या गोऱ्या साहेबाच्या मारानं मेला होता. सुनावणीआधी हेडक्लार्कनं शिवदासला बाजूला घेतलं. "साहेबांच्या जबानीत 'पुश' आहे. नुसता धक्का. तुमच्याही तोंडून तेच येऊ द्या. तुम्हाला कायम करायचा कागद टेबलावर पडलाय."

बायजा म्हणाली, "माज्या धन्याला सायबानं बुटानं तुडवला. छातीवर."

"ही पुश्ड हिम," शिवदास इंग्रजीत म्हणाला.

मॅजिस्ट्रेटनं हवेत तळवा ढकलून विचारलं, एवढंच? बायजाला ती खूण कळली. "न्हाय! ढकलला न्हाय!" ती ओरडली आणि अनवाणी टाच फरशीवर आपटू लागली. पट्टेवाल्यानं दंड धरला तेव्हाच थांबली.

ती काय म्हणते, असं मॅजिस्ट्रेटनं विचारलं.

"पडताना साहेबांचा पाय लागला, असं म्हणते," शिवदासनं इंग्रजीत सांगितलं.

साहेब सुटला.

बाहेर बायजानं विचारलं, "दादा, तुमी बराबर सांगितलंत ना?"

"सांगितलं, बाई."

"मंग देवाचीच मर्जी."

शिवदास कायम झाला. दर शिमग्याला बायजा त्याच्या दारी सुकटीची टोपली आणून द्यायची. कोर्टात आपल्या बाजूनं बोलला तो एवढा एकच, असं त्याच्या बायकोला सांगायची. ती सुकट त्याच्या घशाखाली उतरत नसे.

चौथ्या वर्षी तो मिठागरावर गेला. बायजा मीठ ओढत होती. बांधावर उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. तुडवण्याचा इंग्रजी शब्द आपल्याला येत होता, हेही सांगितलं.

ती मीठ ओढायची थांबली. "आता ह्ये मी कुनाला जाऊन सांगू?" एवढंच म्हणाली.

मुकादमानं हाक मारली, तशी ती वळली आणि कामाला लागली. शिवदास ऊन डोक्यावर येईस्तोवर तिथंच उभा होता. तिनं पुन्हा मान वर केली नाही.