गोविंदाच्या पोटऱ्या

तीर्थपुरीच्या तालमीचे वस्ताद माणसाचं तोंड नंतर बघत, आधी पोटऱ्या बघत. मी शाळेवर विज्ञान शिकवायला आलो तेव्हा पहिल्याच भेटीत माझी पोटरी दाबून म्हणाले, "मास्तर, हा तर निव्वळ कापूस हाये. सकाळी या." नाही म्हणायची सोय नव्हती.

पहिल्या आठवड्यात मला जिना उतरवेना, तर स्वारी खूश! "दुखून राह्यलं ना? मंग बराबर. मांस तुटल्याबिगर वाढत न्हाई." त्यात खोटं काही नव्हतं. ताण पडला की स्नायूंतली जनुकं जागी होतात आणि शरीर झालेली झीज आधीपेक्षा दणकट भरून काढतं. मी हे समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी मला जादा दूध पाजलं.

गोविंदा त्यांचा एकुलता एक, नुकता शाळेत जाऊ लागलेला. पोटऱ्या पैलवानासारख्या टणक. वस्ताद आल्यागेल्याला त्या दाखवत. जमिनीवरून उठताना पोरगं मांड्यांवर हात टेकत टेकत वर यायचं. "बघा, मांडी ठोकूनच उठतो!" पळताना पडायचं, म्हणून वस्तादांनी त्याच्या बैठका वाढवल्या. तरी पडायचं, म्हणून आणखी वाढवल्या.

शेवटी मीच दोघांना औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आजार जन्माचा आहे. स्नायूंना सांभाळणारं प्रथिन ज्या जनुकामुळे तयार होतं, तेच याच्यात बिघडलंय. तुटलेलं नीट भरून येत नाही. पोटऱ्या फुगल्यात त्या चरबीने. औषध नाही, आणि जास्त मेहनत तर बिलकुल नको. परतीच्या एसटीत वस्ताद पोराच्या पोटरीवर हात ठेवून बसले होते. जालन्याला गाडी बदलली, चहा घेतला.

पुढे गोविंदाचे पाय गेले. वस्ताद त्याला रोज खांद्यावर घेऊन तालमीत आणत, कट्ट्यावर बसवत. पोरगं अंगाने वाढत गेलं, तशी बापाची पाठ आणि खांदे भरत गेले. मला ते बघवत नसे.

मिसरूड फुटायच्या वयात गोविंदा गेला. खांदा द्यायला लोक पुढे झाले, तर वस्तादांनी त्यांना बाजूला सारलं. "रोज मीच न्हेतो त्याला," म्हणाले आणि दोन्ही हातांवर घेऊन चालू लागले. मला रडू आलं नाही. आत सगळं बधिर झालं होतं, आणि ते तसंच राहिलं.

दहावं झाल्यावर ते माझ्या दारात आले. आत या म्हटलं, तर आले नाहीत.

"मास्तर, खरं सांगा. म्या त्या बैठका मारायला लावल्या नसत्या, तर अजून काही साल राह्यला असता का?"

"काही फरक पडला नसता, वस्ताद," मी म्हणालो. खरं काय ते मलाही ठाऊक नव्हतं.



"तुम्ही लई चांगले हायेत, मास्तर," म्हणाले आणि गेले.