साडूंचे बिनपंख्याचे डबे

आमच्या साडूंइतका रिकाम्या डब्यावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या माळव्यात दुसरा झाला नसेल. लोक संगणक घेताना त्यात काय काय आहे ते विचारतात. साडू त्यात काय काय नाही ते विचारत. डिस्क नाही? छान. पंखा नाही? उत्तम. असे पोट नसलेले चपटे डबे, प्रत्येकाला एक पडदा नि एक कीबोर्ड, आणि सगळ्यांचं डोकं मात्र पलीकडच्या खोलीतल्या एकाच मोठ्या यंत्रात, ही त्यांची आदर्श मांडणी. अशा डब्याला थिन क्लायंट म्हणतात. "तुम्ही धारवाले, दरबारी माणसं," ते मला म्हणत, "तुम्हाला मुदपाकखान्यातलंच उदाहरण देतो. पंगतीत प्रत्येक पानाशेजारी चूल मांडता का? एकीकडे शिजवायचं, सगळीकडे वाढायचं." मी धारला एका बँकेत कारकून. माझ्या टेबलावरचा संगणक मी सकाळी नमस्कार करून सुरू करत असे. त्यामुळे मान हलवण्यापलीकडे माझी मजल नव्हती.

देवासच्या एका कारखान्यात ते मापयंत्रं सांभाळत. धूळ आणि उष्णता हे त्यांचे जन्माचे वैरी, आणि पंखा हा त्या दोघांचा दलाल, असं त्यांचं मत. इंदूरच्या दुकानात ते डबा हातात घेत, मागच्या बाजूला तळहात टेकून बसून राहत, मग कान लावत, मग हलकेच हलवून पाहत. दुकानदार एकदा कंटाळून म्हणाला, "भिया, डब्बा ले रे हो के लड़की देख रे हो?" साडू शांतपणे म्हणाले, "लड़की को इत्ती देर नी देखा था." सोबत आलेल्या ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, तिथून जे निघाल्या त्या थेट बसस्टँडवर जाऊन बसल्या.

मग कारखाना बंद पडला. फाटकाला कुलूप लागलं, आणि ज्यांच्या शेजारी उभं राहून साडूंनी अर्धं आयुष्य काढलं ती माणसं कुणी भाजीच्या गाडीवर, कुणी दुसऱ्याच्या दुकानात दिसू लागली. साडूंनी एका शाळेत संगणकाची खोली उभी करायचं काम घेतलं. शाळेची ऐपत बेताची, तेव्हा मी शहाणपणा केला. आमच्या ओळखीचं एक इंदूरचं ऑफिस जुने डबे काढून टाकत होतं. पंखा नाही एवढं ऐकून मी ते सगळेच्या सगळे साडूंच्या गळ्यात मारले. पंखा नव्हताच. चित्रही नव्हतं. सुरू केले की पडदे काळेकुट्ट. पुढे मोठ्या खटपटीने ते चालू झाले, तेव्हा मी कौतुकाने पाहायला गेलो आणि मोबाइल चार्ज करायला एक निरुपयोगी दिसणारी पिन उपटली. ती मोठ्या यंत्राची होती. वर्गभर पोरांचे पडदे गार. साडू पोरांना म्हणाले, "घाबरू नका, हे धारचे आहेत."

ती खटपट अशी होती. त्या डब्यांना चित्र दाखवायला लावणारा एक छोटा प्रोग्रॅम कुणीतरी परदेशी माणसाने लिहून सर्वांना खुला ठेवला होता. कुणीही घ्यावा, वापरावा, दुरुस्त करावा. साडूंनी तो दुरुस्त केला आणि दुरुस्ती त्याला पाठवून दिली. तो म्हणाला, मला आता वेळ नाही, तुम्हीच सांभाळा. झालं. "फुकट घेतलंय, निदान झाडलोट तरी करायला नको?" असं म्हणत साडू जगभरच्या तक्रारी निस्तरायला बसले. प्रत्येक उत्तर 'रिस्पेक्टेड सर'ने सुरू होई, मग समोर कॉलेजातलं पोर का असेना. बर्फाळ देशातल्या माणसालासुद्धा ते आधी विचारत, तुमच्याकडे व्होल्टेज कसं आहे? पैसा एक नाही. घरी ताईंची चिडचिड. साडूंचं म्हणणं एवढंच की उत्तर दिलं नाही तर त्या माणसाला वाटेल, पलीकडे कुणी नाही.

मग खोकला लागला. बरेच दिवस त्यांनी तो धुळीवर ढकलला. इंदूरच्या डॉक्टरांनी फोटो पाहून मला बाहेर बोलावलं, तेव्हाच मी समजलो. इस्पितळातल्या खाटेवर ते माझा हात धरून म्हणाले, "साडूभाऊ, काही डब्यांवर अजून काळा पडदा येतो. तेवढं राहिलं. आणि कुणी पाहणारं नसलं की लोक त्या प्रोग्रॅमवर बेवारस असं लिहितात हो. तेवढं होऊ देऊ नका."

"बघू," मी म्हणालो. आपण म्हणतो तसं.

त्यानंतर महिनाभरही ते राहिले नाहीत.

दहाव्याला क्षिप्रेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. आसपास कावळे होते, पण आमच्या पिंडाकडे ढुंकून पाहत नव्हते. ताई लेकीकडे पाहत म्हणाल्या, "सुमीचं लग्न नीट करीन." साडूंचा धाकटा भाऊ म्हणाला, "वहिनीला काही कमी पडू देणार नाही." ऊन चढलं. गुरुजी घड्याळ पाहून दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. माझ्या बायकोने मला कोपराने ढोसलं. "तुम्ही म्हणा काहीतरी. तुमच्याशीच बोलत होते शेवटी." सगळ्यांदेखत मी पुटपुटलो, "बेवारस होऊ देणार नाही. मी सांभाळतो."

कावळा आला.

"जमीनजुमला होता का काही?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"सॉफ्टवेअर."

"अच्छा," ते ताम्हण आवरत म्हणाले, "वो भी चलता है."

तो कावळा शेजारच्या पिंडावरून वाट चुकून आला असावा असं मी अजूनही म्हणतो. पण शब्द गेला होता. सुमीने कुठे काय दाबायचं ते दाखवलं आणि ज्याला पिन ओळखता येत नाही तो मी जगातल्या काळ्या पडद्यांचा पालक झालो. तक्रार आली की मी लिहीत असे, रिस्पेक्टेड सर, आपलं म्हणणं पोहोचलं, पाहतो. पाहत मी खरोखरच असे, त्यातलं अक्षर कळत नसताना. दुरुस्त काहीच होत नव्हतं. एकाने शिवी दिली, तिलाही मी पोच दिली. काही वर्षं अशीच गेली.

शेवटी कुणा अनोळखी माणसाने लिहिलं, काळा पडदा मी घालवला आहे, हरकत नसेल तर पुढे मी सांभाळतो. मी त्याच दिवशी सगळं त्याच्या स्वाधीन केलं. एकच विनंती केली, साडूंचं नाव काढू नका, माझं काढा. त्याने कळवलं की इथे नाव कुणाचंच काढत नाहीत, खाली नवं घालतात.

मी देवासला गेलो. कारखान्याच्या जागेवर प्लॉट पडले होते. शाळेत नवे संगणक आले होते आणि डबे भंगारवाला घेऊन गेला होता. ताईंना मी मोबाइलवर त्या प्रोग्रॅमचं नावांचं पान उघडून दाखवलं. पहिलं त्या परदेशी माणसाचं नाव, मग साडूंचं, त्याखाली निर्लज्जपणे माझं, आणि तळाशी एक नवं.

"हा कोण?" ताईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"घरी कुणी आहे का त्याच्या?"

"ते कसं विचारणार?"

ताईंनी साडूंच्या नावावर बोट टेकवलं. "असेल," त्या म्हणाल्या. "जेवायला हाका मारून दमत असेल बिचारी." बोट मात्र त्यांनी त्या नावावरून उचललं नाही.